डुकराच्या खाद्यातच सुरू होणारं प्रदूषण: पुणे जिल्ह्यातल्या वराहपालकांशी बोलायचंय

पेंडपाणी

मी पशुखाद्याची सूत्रं बसवण्याचं काम करतो. शिरूर, दौंड, हवेली, मुळशी या भागातले वराहपालक सल्ल्याला येतात आणि त्यांत नवीन मुलं बरीच असतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 10 नरांच्या युनिटला 50 टक्के, कमाल 30 लाखांपर्यंत अनुदान आहे. शेडचा नकाशा, जातीची निवड (लार्ज व्हाइट यॉर्कशायर की लँडरेस), पिल्लांचा भाव याची चौकशी सगळे करतात. स्लरीचं (विष्ठा, लघवी आणि धुण्याचं पाणी यांच्या पातळ मिश्रणाचं) काय करणार, असं विचारलं की उत्तर येतं, "मागे खड्डा काढलाय."

माझं म्हणणं असं, की खड्ड्यापाशी विचार सुरू करायला उशीर झालेला असतो. स्लरीत काय पडणार हे खाद्याचं पोतं भरताना ठरतं.

आधी स्फुरद (फॉस्फरस) घेऊ. मका आणि सोयाबीन पेंडीतल्या स्फुरदापैकी साधारण दोन तृतीयांश भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जंतू फायटेट फोडतात, म्हणून त्यांना तो स्फुरद मिळतो. डुकराचं पोट आपल्यासारखं एककप्पी. फायटेट फोडणारं फायटेज हे एन्झाइम त्यात जवळजवळ नसतंच. त्यामुळे धान्यातला बराचसा स्फुरद आत जातो तसाच बाहेर पडतो. तरी जनावराची हाडं तर भरायला हवीत, म्हणून आपण वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे स्फुरद आणि कॅल्शियमची पूड) घालतो. त्यातलाही सगळा अंगी लागत नाही. म्हणजे स्लरीत दोन्हीकडचा स्फुरद जमा होतो.

यावरचा उपाय जुना आहे. नेदरलँड्समध्ये 1980 च्या दशकात डुकरांचं खत जमिनीला झेपेनासं झालं. सरकारने खत टाकण्यावर बंधनं आणली, आणि 1991 मध्ये बुरशीपासून बनवलेलं फायटेज खाद्यात घालण्यासाठी बाजारात आलं. आज ते पुण्यात सहज मिळतं. टनाला खर्च किरकोळ आहे.

मात्र खरी मेख पुढे आहे. फायटेज घातलं आणि डीसीपी पहिल्याएवढंच ठेवलं, तर स्लरीतला स्फुरद कमी होत नाही. डुकराला गरजेपेक्षा जास्त मिळतो आणि तो जास्तीचा लघवी-विष्ठेतून बाहेर टाकतो. खाद्यातून काढलं तरच खड्ड्यात कमी पडतं. बाजारातली कितीतरी सूत्रं मी अशी बघतो, की फायटेज आहे आणि डीसीपीचा आकडा जुनाच आहे. "राहू दे, सुरक्षित असतं" हे कारण मिळतं. या सुरक्षिततेची किंमत शेजारच्या विहिरी आणि ओढे मोजतात.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

---

दौंडकर_शेती

सर, फॅटनरची (मांसासाठी वाढवायच्या डुकरांची) एक बॅच कायम असते आमच्याकडे. तुम्ही म्हणता ते पटतंय, पण आम्ही खाद्य तयार विकत घेतो. पोत्यावर प्रथिनं किती ते बघायचं आणि घ्यायचं, एवढंच कळतं. 18 टक्के असेल तर चांगलं, 16 असेल तर हलकं, असं सगळे धरून चालतात. व्यापारी काट्यावरच्या वजनाचे पैसे देतो. प्रथिनं कमी करून वजन घटलं तर ते नुकसान कोण भरून देणार? नत्राबद्दलही (नायट्रोजन) लिहा, कारण शेडमध्ये डोळे चुरचुरतात ते त्यानेच ना?

---

पेंडपाणी

दौंडकरदादा, तुमची भीती रास्त आहे, म्हणून आकड्यांनिशी सांगतो.

डुकराला 'प्रथिन' लागत नाही, त्यातली अमिनो आम्लं लागतात, आणि तीही ठरावीक प्रमाणात. मक्याच्या खाद्यात सगळ्यात आधी लायसिन कमी पडतं. गवंड्याकडचं सिमेंट संपलं की विटांचा ढीग कितीही मोठा असला तरी भिंत चढत नाही, तसं इथे होतं. लायसिनची गरज भागावी म्हणून आपण पेंड वाढवत जातो. तिच्यासोबत आलेली बाकीची अमिनो आम्लं डुक्कर वापरू शकत नाही. यकृतात त्यांचा युरिया होतो आणि तो लघवीतून जातो. विष्ठेतल्या जंतूंकडे युरिया फोडणारं युरिएज हे एन्झाइम असतं. लघवी आणि विष्ठा एकत्र आली की त्या युरियाचा अमोनिया होतो. डोळे चुरचुरतात ते त्याने.

आता उपाय. एक टन खाद्यातून 50 किलो सोयाबीन पेंड काढा. त्या जागी साधारण 48.5 किलो मका आणि 1.5 किलो लायसिन (बाजारात 'लायसिन एचसीएल' म्हणून मिळणारी पूड) घाला. लायसिन तेवढंच राहतं, प्रथिनांचा आकडा मात्र दीड टक्क्याहून अधिक खाली येतो. इथवर दुसरं काही घालावं लागत नाही. यापुढे जायचं तर थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन यांचाही हिशोब करावा लागतो, तो अंदाजाने करू नका.

रोज 2 किलो खाणारा फॅटनर धरा. 18 टक्के प्रथिनं म्हणजे 360 ग्रॅम, त्यात नत्र 57.6 ग्रॅम. डुक्कर त्यातलं ढोबळ मानाने एक तृतीयांश अंगी लावतं, उरलेलं 38 ग्रॅमच्या आसपास बाहेर टाकतं. अमिनो आम्लं नीट बसवून 16 टक्क्यांवर आलात तर आत जाणारं नत्र 51.2 ग्रॅम. अंगी लागणारं तेवढंच राहतं, कारण वाढ तीच आहे. बाहेर पडतं 32 ग्रॅम. दोन टक्के प्रथिनं कमी केली आणि बाहेर पडणारं नत्र सहाव्या हिश्श्याने घटलं. जगभरच्या प्रयोगांतूनही साधारण हेच दिसतं: प्रथिनं एका टक्क्याने उतरवली की उत्सर्जित नत्र 8 ते 10 टक्के कमी होतं.

वजन घटतं ते लायसिन कमी पडलं तर. प्रथिनांचा आकडा उतरला म्हणून घटत नाही.

---

मुठाई

मी नदीसाठी काम करणाऱ्या एका गटात आहे. दर उन्हाळ्यात मुळा-मुठेवर, पवनेवर जलपर्णीचा गालिचा पसरतो. ती काढायला पालिका पैसे खर्च करते आणि पुढच्या वर्षी ती परत येते. प्रश्न असा, की या जलपर्णीला खाऊ घालण्यात वराहपालनाचा वाटा आहे का? की आपण उगीच शेतकऱ्यांना धरतोय? शहराचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत जातं हे तर उघड्या डोळ्यांनी दिसतं.

---

पेंडपाणी

मुठाईताई, पुणे-पिंपरी चिंचवड पट्ट्यातल्या नदीचा मोठा दोषी शहराचं सांडपाणीच. यात दुमत नाही. शेतकऱ्यावर खापर फोडायला मी हा धागा काढलेला नाही. पण शहर संपल्यावर नदी संपत नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, घोडही भीमेतच येते आणि हे सगळं उजनी धरणात साठतं. सोलापूर ते पाणी पितं. उजनीचा हिरवा रंग आणि उन्हाळ्यातला वास इंदापूर-करमाळ्याच्या लोकांना विचारा. त्या पट्ट्यातले ओढे-नाले गावांतूनच येतात आणि तिथे गोठे, पोल्ट्री, वराहपालन सगळं आहे.

स्फुरदावर मी एवढा भर का देतो, तेही सांगतो. कॅनडात ओंटॅरिओमध्ये प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. एका बाजूला कर्ब (कार्बन) आणि नत्र घातलं, दुसऱ्या बाजूला कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो फार गाजला. नत्र कमी पडलं तर काही निळं-हिरवं शेवाळ हवेतून घेऊ शकतं, पण स्फुरद हवेतून मिळत नाही. म्हणून गोड्या पाण्यात स्फुरदाचा लगाम हातात ठेवणं इतकं मोलाचं आहे.

---

शिरवळ_बॅच

पशुवैद्यकीयचा विद्यार्थी आहे. आम्हाला याच विषयात 'एन्व्हायरोपिग' शिकवलं होतं. कॅनडाच्याच ग्वेल्फ विद्यापीठाने 1999 मध्ये असं डुक्कर जन्माला घातलं, की त्याच्या लाळेतच फायटेज तयार व्हायचं. जनुक ई. कोलाय जिवाणूचं होतं. विष्ठेतला स्फुरद निम्म्याहून जास्त घटायचा. म्हणजे खाद्यात काही घालायचीच गरज नाही! मग ते पुढे का गेलं नाही सर? मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

---

पेंडपाणी

2012 मध्ये तिथल्या वराहपालक संघटनेने पैसे देणं थांबवलं. डुकरं मारली गेली, वीर्य आणि जनुकीय नमुने गोठवून ठेवले. जनुकबदल केलेल्या प्राण्याचं मांस लोक घेतील का, हा प्रश्न कधी सुटला नाही. आणि तोवर पोत्यातलं फायटेज स्वस्त आणि चांगलं झालं होतं. विज्ञान म्हणून ते काम मला आजही मोलाचं वाटतं. आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र पोत्यातलं एन्झाइम बरं: पटलं नाही तर पुढच्या टनात बदलता येतं.

फायटेजबद्दल दोन गोष्टी विसरू नका. ते उष्णतेने मरतं. पेलेट (वाफेवर दाबून केलेल्या गोळ्या) बनवताना तापमान 80 अंशांच्या वर गेलं तर साधं फायटेज बरंचसं निकामी होतं, लेप दिलेलं किंवा उष्णता सोसणारं घ्यावं लागतं. मॅश म्हणजे नुसत्या भरड खाद्यात ही अडचण नाही. दुसरी गोष्ट, चुनखडी सढळ हाताने घालू नका. कॅल्शियम जास्त झालं की ते फायटेटला बांधतं आणि एन्झाइमचं काम अडतं. डीसीपी कमी करताना पूर्ण कॅल्शियमचा हिशोब पुन्हा मांडा.

---

सासवड_रोड

फुरसुंगीच्या बाजूला राहते. कचरा डेपोचा वास आम्ही वर्षानुवर्षं सोसलाय, त्यामुळे वास या विषयावर आमच्याइतकं कोण बोलणार. आमच्या भागात जी डुकरं पाळली जातात ती मका-सोयाबीनवर नाही, हॉटेलच्या खरकट्यावर. रात्री ड्रमच्या गाड्या येतात. तुमचं लायसिन आणि फायटेज त्यांना कसं लागू होणार? आणि एक सांगते, शहराचं उरलेलं अन्न वाया न जाता मांस होतंय हे मला तत्त्वतः चांगलंच वाटतं. पण ज्या पद्धतीने चालतं ते बघवत नाही.

---

पेंडपाणी

ताई, तुमचा मुद्दा या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुण्याच्या भोवतीचं वराहपालन बरंचसं असंच चालतं.

खरकट्यात पाणीच तीन चतुर्थांशाहून अधिक असतं. 2 किलो कोरड्या खाद्याएवढं पोटात जायला 8 ते 10 किलो खरकटं लागतं. त्यात मीठ भरपूर असल्याने डुक्कर पाणी जास्त पितं, लघवी जास्त करतं, स्लरी पातळ होते आणि खड्डा लवकर भरतो. प्रथिनांचा तर नेमच नसतो: लग्नसराईत पनीर-डाळ जास्त, एरवी भात-पोळी. काही पालक "ताकद यावी" म्हणून वरून पेंडही घालतात. जिथे खरकट्यातच प्रथिनं पुरेशी आहेत तिथे ती पेंड सरळ अमोनिया होऊन उडते. अशा ठिकाणी पेंडीऐवजी मका किंवा तांदळाची कणी द्यावी. लायसिनची गरज आहे का, हे खरकट्याचा नमुना तपासून ठरवावं.

यात रोगाचा धोकाही आहे. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात पहिल्यांदा 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आला. या विषाणूवर औषध नाही आणि न शिजवलेल्या खरकट्यातल्या डुकराच्या मांसातून तो पसरतो. इंग्लंडात 2001 मध्ये लाळ्या-खुरकूतची साथ नीट न शिजवलेलं खरकटं घालणाऱ्या एका फार्मपर्यंत माग काढत पोहोचली होती. त्या साथीत 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि नंतर युरोपने खरकटं घालण्यावर बंदीच आणली. जपानने दुसरी वाट धरली. तिथे 2001 च्या अन्न पुनर्वापर कायद्याखाली उरलेलं अन्न तापवून, सुकवून किंवा आंबवून प्रमाणित खाद्य बनवतात. पुण्याने जपानची वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. ओल्या कचऱ्याचं वर्गीकरण करणारी माणसं आणि व्यवस्था या शहरात आहे, फक्त उकळण्याची भट्टी आणि तपासणी मध्ये यायला हवी. खरकटं 90 अंशांवर निदान तासभर, सतत ढवळत शिजवलं पाहिजे.

---

भीमथडी

आमचं घर धनगराचं. मेंढरं आता चुलत्याकडे आहेत. पावसाळा सरला की वाडे (मेंढपाळांचे कळपासकट फिरते तळ) खाली उतरतात आणि शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागे एकदा एका रानात बसवल्यावर मेंढरं आजारी पडली, काही दगावली. डॉक्टरांनी तांब्याची विषबाधा असू शकते असं सांगितलं. त्या रानात वराहपालनाचं खत दरवर्षी पडायचं. त्यानेच झालं असं छातीठोक म्हणत नाही, पण याचा आणि खाद्याचा संबंध असू शकतो का?

---

पेंडपाणी

असू शकतो, आणि बरं झालं तुम्ही लिहिलंत. वाढत्या डुकराला तांबं किलोमागे 5-6 मिलिग्रॅम पुरतं. पण वाढ चांगली होते म्हणून 125 ते 250 मिलिग्रॅमपर्यंत घालण्याची प्रथा जगभर होती, अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. त्यातलं जवळजवळ सगळं विष्ठेतून बाहेर पडतं. तांबं कुजत नाही, उडून जात नाही, मातीच्या वरच्या थरात साठत जातं. आणि तांब्याच्या बाबतीत मेंढी पाळीव जनावरांत सगळ्यात नाजूक. तिच्या यकृतात ते साचतं, मग अचानक कावीळ, लाल लघवी आणि मृत्यू.

जस्ताचं असंच. दूध तुटलेल्या पिल्लांची हगवण थांबवायला किलोला 2500-3000 मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड घालायचे. युरोपने जून 2022 पासून हा औषधी वापर बंद केला, कारण जस्त जमिनीत साठतं आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढायला मदत होते. ती हगवण आटोक्यात ठेवायलाही पिल्लांच्या खाद्यातली प्रथिनं उतरवणं हाच एक मार्ग आहे. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात कुजतं आणि तिथूनच हगवणीला वाट मिळते.

माझी कळकळीची विनंती: ज्या रानात डुकराचं खत पडलंय त्याच्या मालकाने मेंढरं बसवण्याआधी धनगराला तसं सांगावं. आणि पोत्यावर तांब्याचा आकडा नसेल तर विक्रेत्याकडून तो लेखी मागून घ्यावा.

---

मुठाई

मेंढरांचं हे मला माहीतच नव्हतं. पण एक विचारते. स्लरी उसाला दिली तर सगळा प्रश्न मिटत नाही का? जिल्ह्यात ऊस काय कमी आहे?

---

पेंडपाणी

चला, मांडू. 100 फॅटनर, वर्षभर शेड भरलेलं. रोज एकाचं 38.4 ग्रॅम नत्र धरलं तर वर्षाला 1400 किलो. सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र, 115 किलो स्फुरद, 115 किलो पालाश (पोटॅश). एकरी नत्र 100 किलो. म्हणजे 14 एकर ऊस हवा. 16 टक्के प्रथिनांवर आलात तर पावणेबारा एकर.

स्फुरदाचं बघा. 0.55 टक्के स्फुरद असलेलं 2 किलो खाद्य म्हणजे 11 ग्रॅम आत, अंगी साडेचार, बाहेर साडेसहा. 100 डुकरांचा वर्षाचा 237 किलो, खताच्या भाषेत (पी-टू-ओ-फाइव्ह धरून) 540 किलोच्या वर. एकरी 46 किलोने जवळपास 12 एकर. फायटेज घालून खाद्यातला स्फुरद किलोमागे 1 ग्रॅम कमी केला, तर बाहेर साडेचार ग्रॅम पडतो आणि सव्वाआठ एकर पुरतात.

पण खड्डा उघडा असेल तर नत्र अमोनिया होऊन उडत राहतं, स्फुरद मात्र तळाशी तसाच. शेतकरी नत्राच्या हिशोबाने स्लरी देतो आणि स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडत जातो. दोन-तीन एकरवाला माणूस 100 डुकरांची स्लरी त्याच दोन-तीन एकरांत वर्षानुवर्षं सोडतो, तेव्हा नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यावर गेलं की सर्वांत आधी धोका तान्ह्या बाळांना. ज्यांची विहीर शेडच्या खालच्या अंगाला आहे त्यांनी पाणी तपासून घ्याच.

---

सासवड_रोड

वासाचं अजून कोणी नीट सांगितलं नाही.

---

पेंडपाणी

लघवी आणि विष्ठा लवकर वेगळी करा, अमोनिया तिथेच निम्मा हरतो. जमिनीला पुरेसा उतार आणि लघवीला स्वतंत्र पाट ठेवा. खाद्यात थोडा तंतू, म्हणजे गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनची टरफलं घातली, की मोठ्या आतड्यातले जंतू तो खातात आणि स्वतः वाढताना नत्र वापरून घेतात. मग ते नत्र लघवीऐवजी विष्ठेत जातं आणि हळूहळू सुटतं. बेन्झॉइक आम्लाने लघवी आम्लधर्मी होते, अमोनिया कमी उडतो. युरोपात फॅटनरला ते अर्धा ते एक टक्का देण्याची मुभा आहे. इथे आधी भुसा आणि पाट करून बघा, त्यानेच फरक पडेल. पाणी पिण्याची गळकी निपल्सही बदला.

---

दौंडकर_शेती

सर, मी पुढची बॅच स्वतः दळून खाद्य करायचं ठरवतोय. भरडायचं मशीन आहेच. गावातली अजून दोन पोरं तयार आहेत. नेमकं कुठून सुरुवात करू? सगळं एकदम बदलायची हिंमत नाही.

---

पेंडपाणी

एकदम बदलूच नका. पहिल्या टनात फक्त स्फुरद घ्या. ग्रॅमला 5000 युनिटचं फायटेज टनाला 100 ग्रॅम, म्हणजे किलोला 500 युनिट. आधी ते 5 किलो मक्याच्या भरड्यात एकजीव करा, मग मोठ्या ढिगात, नाहीतर एका डुकराला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही असं होईल. त्याबरोबर डीसीपी टनाला साडेपाच किलोने कमी करा आणि कॅल्शियम पुन्हा बसवून घ्या. निम्म्या खणांना हे, निम्म्यांना जुनं. दर पंधरवड्याला वजन करा. पाय वाकडे, लंगडणं, वाढ मंद असं काही दिसलं तर मला कळवा, पण हिशोब बरोबर असेल तर दिसणार नाही. वजनं सारखी राहिली की पुढच्या बॅचला लायसिन.

आणि खड्डा भरण्याआधी स्लरीचा एक नमुना माती-पाणी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. नत्र, स्फुरद, तांबं, जस्त चारही लिहून मागा. दुसरा नमुना बॅच संपल्यावर.

---

दौंडकर_शेती

नमुना या आठवड्यात देतो. विहीर शेडच्या खालीच आहे, तिचंही पाणी सोबत नेतो. आकडे आले की इथेच टाकीन. भीमथडीदादा, आमच्या रानात वाडा येतो त्यांना मी आजच फोन करून सांगितलंय की मागच्या तुकड्यात खत पडलेलं आहे, तिथे बसवू नका.

---

भीमथडी

आभारी आहे दादा. आमच्या चुलत्यालाही तुमचा हा निरोप वाचून दाखवला. पुढच्या वर्षी वाडा उतरण्याआधी रान-मालकाला विचारूनच बसवायचं असं त्यांनी ठरवलंय. तांब्यासाठी माती तपासायची तर नमुना किती खोलीवरून घ्यायचा, तेवढं कोणीतरी सांगा.

---

पेंडपाणी

वरचा 15 सेंटिमीटर थर. शेतात आडवं-तिडवं फिरून आठ-दहा ठिकाणची माती घ्या आणि एकत्र करा. लोखंडी किंवा तांब्याचं भांडं वापरू नका, लाकडी खुरप्याने किंवा प्लास्टिकच्या घमेल्यात. सावलीत सुकवून अर्धा किलो पिशवीत. पिशवीवर गट नंबर आणि खत शेवटचं कधी पडलं ते लिहा.